खुराड्यात कोंबड्यांखाली काय अंथरायचं? तूस, भुसा, चिपाड की पाचट : निवड, हिशोब आणि निगा

तळेगाव ढमढेरे (ता. शिरूर) : पावसाळा लागला की परसातल्या कोंबड्यांची मर वाढते. आठ-पंधरा दिवसांत निम्मी पिल्लं जातात. मग कोणी खाद्याला दोष देतं, कोणी पाण्याला, तर कोणी 'साथ आली' म्हणून सोडून देतं. खुराड्यात कोंबड्यांच्या पायाखाली काय आहे, हे मात्र फार थोडे लोक वाकून बघतात.

कोंबडी दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, बांधावर फिरते. पण रात्रीचे दहा-बारा तास ती खुराड्यातच बसलेली असते. तिथली जमीन ओली असेल तर दिवसभर कितीही चांगलं खाऊ घातलं तरी उपयोग होत नाही. शिरूर-दौंड भागात अंथरायला काय मिळतं, त्यातलं काय चालतं, किती लागतं आणि ते कोरडं कसं ठेवायचं, याची ही माहिती.

गादी कशाला लागते?

खुराड्यात जे अंथरतात त्याला पोल्ट्रीवाले 'लिटर' म्हणतात, मराठीत गादी. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम विष्ठा टाकते. त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं. वीस कोंबड्या धरल्या तर दिवसाला दोन किलो विष्ठा झाली. त्यातली निम्मी रात्री खुराड्यात पडते असं धरलं, तरी महिन्याला तीस किलो होते. म्हणजे महिन्याभरात वीस लिटरच्या वर पाणी खुराड्याच्या जमिनीवर पडतं. पाण्याचं भांडं सांडतं ते वेगळंच.

हे पाणी आधी शोषून घ्यायचं आणि मग हवेत सोडून द्यायचं, हे गादीचं मुख्य काम. निवड करताना ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. पाणी ओढून घेणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत, पण घेतलेलं पाणी लवकर सोडून पुन्हा कोरडी होईल तीच गादी चांगली.

ओल्या गादीतून काय होतं?

पहिला धोका रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. या रोगाचे जंतू विष्ठेतून बाहेर पडतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते दुसऱ्या पक्ष्याला रोग देण्याजोगे होतात. पिल्लू गादीत टोचा मारतं आणि ते पोटात जातात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना याचा जास्त त्रास होतो. बाजारातल्या साध्या जंतुनाशकांना हे जंतू सहसा दाद देत नाहीत. कोरडेपणा मात्र त्यांना मानवत नाही.

दुसरा धोका बुरशीचा. बुरशी लागलेलं काड, भुसा किंवा टरफलं अंथरली तर पिल्लांच्या फुप्फुसात बुरशी वाढते. पिल्लं चोच उघडी ठेवून श्वास घेतात, मान लांब करतात आणि दोन-चार दिवसांत जातात. औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

तिसरा धोका अमोनियाचा. ओल्या विष्ठेतून उग्र वास सुटतो, डोळ्यांना झोंबतो. त्याने कोंबडीचे डोळे येतात, श्वसननलिका खराब होते, अंडी कमी होतात आणि इतर आजारांना वाट मिळते. खुराडं ठेंगणं असतं, आपण उभ्याने वास घेतो. कोंबडीच्या उंचीला बसून मिनिटभर वास घ्यावा, म्हणजे खरी परिस्थिती कळते.

आपल्या भागात काय मिळतं, काय चालतं?

*भाताचं तूस* : सगळ्यांत भरवशाचं. हलकं असतं, गोळा धरत नाही, उकरलं की लवकर सुकतं. पण शिरूर-दौंडमध्ये भात नाही. तूस मावळ, मुळशी, भोर, आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागातल्या भात गिरण्यांवरून येतं. त्यामुळे वाहतूक महाग पडते. चार-पाच घरांनी मिळून एक पिकअप मागवली तर परवडतं. गोणीत हात घालून बघावं. आत गरम किंवा दमट लागलं तर घेऊ नये. फार बारीक, कोंडा मिसळलेलं तूस घेतलं तर धूळ होते आणि उंदीर लागतात.

*लाकडाचा भुसा* : रंधा मारताना निघणारी पातळ सालपटं उत्तम. करवतीचा बारीक भुसा पाणी चांगलं ओढतो, पण धुळीमुळे पक्षी शिंकतात आणि लहान पिल्लं तो खातात. म्हणून बारीक भुसा पिल्लांखाली नको. मोठ्या कोंबड्यांना सालपटांत मिसळून चालतो. सणसवाडी, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यातून पॅकिंगच्या लाकडाचा भुसा गावात येतो. तो घेताना लाकूड बघावं. रंग दिलेलं, तेल सांडलेलं, प्लायवूड किंवा एमडीएफचं असेल तर नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पॅलेटवर इंग्रजी अक्षरांत शिक्का असतो. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं लाकूड, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते टाळावं.

*उसाचं चिपाड* : दौंड तालुक्यात गुऱ्हाळं आणि दोन्ही तालुक्यांत ऊस, त्यामुळे चिपाड जवळ मिळतं. ते पाणी भरपूर ओढतं, पण सुकायला वेळ लावतं. कारखान्यातून निघालेल्या चिपाडात जवळपास निम्मं पाणीच असतं. शिवाय थोडी साखर राहिलेली असते, त्यामुळे मुंग्या येतात, आंबतं, बुरशी धरते. ओलं चिपाड थेट अंथरू नये. उन्हात चार-पाच दिवस पसरून, उलटंपालटं करून, हातात मोडलं की कडकन तुटेल इतकं वाळवावं. मग तूस किंवा सालपटांबरोबर निम्मं-निम्मं मिसळावं. पावसाळ्यात नुसत्या चिपाडावर भिस्त ठेवू नये.

*पाचट* : फुकट आणि भरपूर, पण लांब पात्याचं पाचट ओलं झालं की चटईसारखं चिकटतं. वरून कोरडं दिसतं आणि खाली चिखल साचतो. कडबा कुट्टीतून काढून एक-दीड इंचाचे तुकडे करावेत, तरच गादीला वापरावं. त्यातही रोज हलवायची तयारी हवी. न तोडलेलं पाचट फक्त अंडी घालायच्या टोपलीत वापरावं.

*भुईमुगाची टरफलं* : मोडून अंथरली तर चांगली. मात्र शेंगेवर बुरशी लवकर येते आणि त्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने कोंबडीचं यकृत खराब होतं. काळी-हिरवी डागाळलेली टरफलं बाजूला काढावीत. पावसात भिजलेल्या शेंगांची टरफलं घेऊच नयेत.

*गव्हाचं काड* : बारीक तुकडे करून चालतं, पण तुसापेक्षा लवकर गोळा धरतं. ज्वारीचा कडबा आणि बाजरीचं सरमाड हा जनावरांचा चारा आहे, तो कोंबड्यांखाली घालणं परवडत नाही.

*वाळू* : लवकर सुकते, जाळीने विष्ठा चाळून काढता येते. पण थंडीत गार पडते, म्हणून पिल्लांना नको. बांधकामावरची सिमेंट मिसळलेली वाळू पायाला चरे पाडते. नदीतून वाळू आणण्यावर निर्बंध आहेत, हेही लक्षात ठेवावं.

हे अंथरू नये

कांद्याच्या चाळीतला पालापाचोळा, भिजलेला कडबा, जनावरांखालचं काढलेलं शेण-काड, प्लास्टिकचा कागद आणि गुळगुळीत वर्तमानपत्र. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याच्या पोल्ट्रीतलं वापरलेलं तूस फुकट मिळतं म्हणून आणू नये. त्याच्याबरोबर रोग घरी येतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात तो निघाला. अशा वेळी पक्ष्यांबरोबर खाद्य, अंडी आणि गादीचीही विल्हेवाट लावावी लागते, कारण विष्ठेतून आणि गादीतून विषाणू पसरतो. पोल्ट्रीतून आलेल्या रिकाम्या गोण्याही तशाच वापरू नयेत.

किती लागेल? साधा हिशोब

एका मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरावी. वीस कोंबड्यांना ४० चौरस फूट, म्हणजे ८ बाय ५ फुटांचं खुराडं. तीन इंचाचा थर द्यायचा तर दहा घनफूट माल लागतो. तुसाचं वजन धरलं तर ते अंदाजे ३० किलो होतं. ५० किलो धान्याची गोणी मापाला घेतली तर साधारण साडेचार गोण्या भरतात.

तूस हलकं असल्याने किलोवर भाव बघून फसू नये. दोन गोष्टी विचाराव्यात : गोणी किती भरलेली आहे, आणि माल किती दिवस टिकेल. फुकटचं पाचट दर आठवड्याला बदलावं लागलं आणि विकतचं तूस दोन-तीन महिने चाललं, तर मजुरी धरून तूसच स्वस्त पडतं. घरची कुट्टी आहे, माणूस आहे, तर पाचटही परवडतं. हा हिशोब प्रत्येकाने आपल्या घराचा करावा.

थर किती द्यायचा ते ऋतूवर ठरतं. उन्हाळ्यात दोन इंच पुरे. पावसाळ्यात आणि थंडीत तीन ते चार इंच. गादी कधीही मातीच्या ओल्या जमिनीवर टाकू नये. जमीन आजूबाजूच्या अंगणापेक्षा किमान एक फूट उंच, मुरूम टाकून धुमसलेली किंवा कोब्याची असावी. खाली आधी विझवलेल्या चुन्याचा हात मारून तो पूर्ण वाळू द्यावा, मग गादी टाकावी.

एक दिवसाची पिल्लं आणली तर

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच गादी टाकून, बल्ब लावून जागा गरम करून ठेवावी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करत न्यावं. गादी गार असेल तर वरून कितीही बल्ब लावा, पिल्लं गोळा होऊन एकमेकांखाली चेंगरतात.

पहिले दोन-तीन दिवस पिल्लांना दाणा आणि तूस यातला फरक कळत नाही. म्हणून गादीवर खरखरीत कागद किंवा स्वच्छ गोणपाट अंथरावं आणि रोज बदलावं. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, पाय फाकतात आणि पिल्लू अधू होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कागद काढून टाकावा.

बल्ब गादीपासून दीड फूट वर तारेने पक्का बांधावा, वायरला टांगू नये. कोरडं तूस आणि सालपटं लवकर पेटतात. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी ठेवायची वेळ आली तर ती विटांवर ठेवावी, वर पत्र्याचं झाकण टाकावं, भोवतालची दोन फूट गादी बाजूला सारावी आणि कोणीतरी जागं राहावं. शेगडी असेल तेव्हा खुराडं बंद करू नये, धुराने पिल्लं गुदमरतात.

अंड्याची जागा आणि खुडूक कोंबडी

अंडी घालायची टोपली गादीपासून फूट-दीड फूट उंच, अंधाऱ्या कोपऱ्यात असावी. त्यात कोरडं गवत किंवा पाचट टाकावं आणि आठवड्याला बदलावं. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना टोपलीत खाली थोडी कोरडी माती, वर गवत आणि मध्ये बशीसारखा खोलगटपणा ठेवावा. २१ दिवस ती हलत नाही, त्यामुळे उवा-गोचिडांचा त्रास वाढतो. बसवण्याआधी टोपली कडक उन्हात तापवून घ्यावी.

चुलीची राख गादीत मिसळू नये. ओल्या विष्ठेत राख किंवा चुना पडला की अमोनियाचा वास उलट जास्त सुटतो. राख आणि कोरडी माती एका वेगळ्या घमेल्यात ठेवावी. कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा झडतात. प्लास्टिक जाळलेली राख नको.

मूठ दाबून बघा

गादी नीट आहे का, हे बघायला कोणतंही यंत्र लागत नाही. पाण्याच्या भांड्याजवळची मूठभर गादी घेऊन घट्ट दाबावी आणि मूठ उघडावी.

– गोळा तसाच राहिला : गादी ओली आहे, तेवढी जागा आजच काढावी.
– गोळा धरला पण हळूच फुटला : गादी बरोबर आहे.
– गोळाच झाला नाही, धूळ उडाली : फार कोरडी आहे. धुळीचा त्रास होतो, थोडी नवी गादी मिसळावी.

ही परीक्षा पावसाळ्यात एक दिवसाआड, इतर वेळी आठवड्याला करावी. सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्या की दाताळ्याने गादी खालवर करावी. गठ्ठे झाले असतील तर ते काढून तिथे कोरडा माल टाकावा. पाण्याचं भांडं विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवावं. खुराड्यातली बरीच ओल भांडं सांडल्याने होते. शक्य असेल तर पाणी खुराड्याबाहेर ठेवावं. कडक उन्हात गादीवर पाणी शिंपडू नये, त्याऐवजी बाहेरून जाळीला ओलं गोणपाट लावावं.

बिबट्याच्या धास्तीने हवा कोंडू नका

शिरूर तालुक्यात उसामुळे बिबट्याचा वावर आहे. मुंगूस आणि रानमांजर तर सगळीकडेच. म्हणून बरेच जण संध्याकाळ झाली की खुराडं पत्रा आणि ताडपत्रीने चारी बाजूंनी बंद करतात. भीती खोटी नाही, पण हवा कोंडली की रात्रभराचा दमटपणा आतच राहतो. सकाळी पत्र्याला आतून पाण्याचे थेंब लागलेले दिसले तर समजावं की गादी तिथूनच भिजते आहे.

उपाय असा : खालचे दीड-दोन फूट पक्की भिंत किंवा पत्रा, त्याच्या वर छतापर्यंत जाड वेल्डमेश जाळी. पातळ कोंबडजाळी नको, ती जनावर ओढून तोडतं. पावसाच्या बाजूला ताडपत्री सोडावी, पण वरचं सहा-आठ इंच उघडं ठेवावं. छताचा पत्रा दोन-अडीच फूट बाहेर काढला तर झड आत येत नाही.

साठवणीतही काळजी हवी. पाचट, काड यांचा ढीग घराला किंवा खुराड्याला लागून घालू नये. त्यात उंदीर होतात आणि उंदरांमागे घोणस, नाग येतात. माल गोणीत भरून, लाकडी फळीवर, जमिनीपासून उंच ठेवावा. गोणी उचलताना आधी काठीने हलवून बघावी.

वर्षाचं वेळापत्रक

– *नोव्हेंबर ते मार्च* : ऊसतोड आणि गुऱ्हाळं सुरू असतात. पाचट, चिपाड याच वेळी गोळा करून वाळवावं.
– *होळीनंतर ते मे* : जुनी गादी पूर्ण काढून जमीन उन्हात तापवावी, नवी गादी टाकावी. जाड गादी पद्धतीने, म्हणजे थरावर थर चढवत सहा इंचांपर्यंत न्यायची असेल, तर सुरुवात याच कोरड्या दिवसांत करावी. पावसात सुरू केलेली जाड गादी कुजून चिखल होते.
– *मे अखेर* : चार महिने पुरेल इतका कोरडा माल गोणीत भरून ठेवावा. जुलैत कोरडा भुसा शोधायला गेलं तर मिळत नाही.
– *जून ते ऑक्टोबर* : मूठ परीक्षा, रोजचं उकरणं, ओली जागा लगेच बदलणं. परतीच्या पावसापर्यंत ढिलाई नको.
– *डिसेंबर-जानेवारी* : थर चार इंच. हवा मात्र बंद करू नये.

काढलेल्या गादीचं काय?

ही गादी म्हणजे कोंबडखत. त्यात शेणखतापेक्षा नत्र बरंच जास्त असतं. पण ताजं खत 'गरम' असतं, उभ्या पिकाच्या मुळाशी टाकलं तर पीक करपतं. खड्ड्यात किंवा ढिगात ओलावा देऊन, दर पंधरा दिवसांनी उलथून, दोन-तीन महिने कुजवावं. मग ऊस, कांदा, भाजीपाला कशालाही चालतं. ढीग झाकून ठेवावा, नाही तर माश्या होतात. गाई-म्हशी आणि शेळ्यांना तिथे तोंड घालू देऊ नये. त्यात मेलेलं पिल्लू वगैरे राहिलं असेल तर जनावरांना प्राणघातक विषबाधा होऊ शकते.

मर झालेल्या खुराड्यातली गादी शेतात पसरू नये. ती खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. खुराडं धुऊन, चुना मारून, किमान दोन-तीन आठवडे रिकामं ठेवावं.

दवाखान्यात कधी जायचं?

विष्ठेत रक्त, पिल्लं पंख पाडून बसणं, चोच उघडी ठेवून श्वास, किंवा एकाच दिवसात दोन-तीन पक्षी मरणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मेलेला पक्षी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. रक्ती हगवणीवर औषध आहे, पण ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच पाण्यातून द्यावं आणि त्याच दिवशी ओली गादी काढावी. गादी तशीच ठेवून नुसतं औषध दिलं तर रोग पुन्हा उलटतो.

कोरड्या गादीने मानमोडी, म्हणजे राणीखेत, थांबत नाही. त्यासाठी पहिल्या आठवड्यात लासोटाची लस आणि पुढचे डोस दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावेत.